हाताचा दवाखाना

टिपणीसबाईंना कोणी नमस्कार केला की त्या माणसाच्या तोंडाकडे न बघता जोडलेल्या हातांकडे बघत. कल्याणच्या आमच्या धर्मादाय इस्पितळात त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना असाच एक भारदस्त नमस्कार केला. अध्यक्षांचा नमस्कार हा पाहण्यासारखा प्रकार होता. फोटोग्राफर हजर नसला तरी ते हात जोडून क्षणभर तसेच थांबत. बाईंनी तो नमस्कार नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "डाव्या करंगळीचं पेर आखडत चाललंय तुमचं. रोज गरम पाण्यात धरत जा." अध्यक्षांनी हात खाली घेतले आणि पुढच्या दोन वर्षांत बाईंसमोर पुन्हा कधी जोडले नाहीत.

मी त्या इस्पितळात कारकून होतो. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती आणि जिथे तिथे कशाचं तरी उद्घाटन चालू होतं. अध्यक्षांची भाषणं लिहिणं हे माझ्या नेमणूकपत्रात नसलेलं, पण प्रत्यक्षात मुख्य काम. त्यामुळे मोठ्या शब्दांवरचा माझा विश्वास फार लवकर उडाला. ते कुठे आणि कसे तयार होतात हे मला माहीत होतं. 'व्यवसायोपचार विभाग' हा शब्द मात्र माझा नव्हे. तो अध्यक्षांनी मुंबईहून आणला आणि त्याची पाटी विभाग सुरू होण्याआधी दीड महिना लागली. ती वाचून डोंबिवलीचे दोन मॅट्रिक पास तरुण नोकरीचे अर्ज घेऊन आले होते. रोगी पाटीच्या भानगडीत पडले नाहीत. ते त्या खोलीला 'हाताचा दवाखाना' म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं.

कल्याणच्या आसपास तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. कारखाना नवा असला की पहिल्या वर्षी माल कमी निघतो आणि बोटं जास्त. पट्ट्यात सापडलेले, दाबयंत्राखाली चेपलेले, वाफेने सोललेले हात आमच्याकडे येत. कोणी भांडणात विळा खाऊन येई, कोणी दारूच्या भरात काच फोडून. आमचे सर्जन डॉक्टर सबनीस ते शिवत. त्यांचं शिवणकाम उत्तम होतं, पण शिवलेला हात म्हणजे चालणारा हात नव्हे. टाके निघेपर्यंत बोटं आखडून लाकडासारखी व्हायची. तिथून पुढे बाईंचा अंमल. त्या एकेक बोट धरून वाकवत. रोगी ओरडत, शिव्या देत, मधूनच एखादा भोवळ येऊन पडे. बाई त्याच्या तोंडावर पाणी मारून पुढचं बोट धरत. माझी कचेरी भिंतीपलीकडे होती. विश्वस्तांच्या सभेच्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेत असू, कारण 'मानवतेची सेवा' या शब्दांवर नेमकी पलीकडून किंकाळी यायची.

"ओरड," बाई रोग्याला सांगत. "ओरडायला पैसे पडत नाहीत. पण बोट सोड."

त्या ठाण्याच्या. वडील शाळामास्तर. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला आणि नऊ वर्षं तो हात उशीवर ठेवून ते खुर्चीत बसून राहिले. घरच्या बायका त्यांना आलटून पालटून घास भरवत. "बाबा अर्धांगानं नाही गेले," बाई एकदा म्हणाल्या, "भरवून घेऊन घेऊन गेले." मुंबईत हे नवं शिक्षण सुरू झाल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि अर्ज केला. त्या शिक्षणात सुतारकाम होतं, विणकाम होतं, चामडं शिवणं होतं आणि त्यासोबत शरीरातला प्रत्येक स्नायू पाठ करणं होतं. नातेवाइकांनी फक्त सुतारकाम ऐकलं. टिपणिसांची मुलगी रंधा मारणार म्हणून ठरत आलेलं एक लग्न मोडलं. बाई म्हणत, रंधा तेव्हापासून छान धरता येतो.

दर मंगळवारी त्या उजवा हात रुमालाने कमरेशी बांधून घेत आणि दिवसभर सगळं डाव्या हाताने करत. लिहीत, जेवत, वेणीत पिन खोचत. भाताची शितं पदरावर सांडत. रोग्याला काय होतं हे आठवड्यातून एकदा स्वतःला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. अध्यक्षांना हे व्रत वाटलं आणि त्यांनी ते भाषणात घालायला सांगितलं. मी घातलं नाही.

उद्घाटनाचा दिवस मला अजून आठवतो. मांडव होता, सनई होती, वेताच्या टोपल्यांचं प्रदर्शन होतं. टोपल्या बाजारातून आणल्या होत्या, कारण बाईंनी टोपल्या विणून घ्यायला साफ नकार दिला होता. सोहळ्यासाठी एक रोगी खुर्चीवर बसवला होता. मारुती फिटर. कारखान्यात पट्ट्याने त्याचा दंड खांद्यापासून पिळवटला होता आणि दोन बोटं नेली होती. अध्यक्षांनी त्याच्या हाती एक टोपली दिली, आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि फोटोग्राफरकडे बघत म्हणाले, आज या अभाग्याला जगण्याचं साधन मिळालं.

मारुतीने टोपलीकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि तो उठला. टोपली त्याने डोक्यावरून मागे नेली आणि अशी भिरकावली की ती अध्यक्षांची पगडी घेऊन मांडवाच्या खांबावर आपटली. पाठोपाठ गुलाबदाणी गेली. ती मामलेदारांच्या कपाळाला लागून रक्त आलं. "मी फिटर हाय," मारुती ओरडत होता. "फिटर हाय मी, बुरूड नाय." दोन शिपायांनी त्याला खाली पाडला आणि एकाने त्याच्या पाठीवर गुडघा दिला. मंडळी धावाधाव करत असताना टिपणीसबाई त्याच्यापाशी गुडघे टेकून बसल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "सोड त्याला. काल याचा हात कानाच्या वर जात नव्हता." मग मारुतीला म्हणाल्या, "पुन्हा एकदा वर ने बघू."

कपाळावर रुमाल दाबून उभ्या असलेल्या मामलेदारांसमोर त्याने हात पुन्हा वर नेला.

टोपल्यांच्या जागी बाईंनी जो नियम आणला त्याने इस्पितळाची झोप उडाली. रोग्याने आपलं हत्यार घरून आणायचं. ज्या कामाने पोट भरतं त्याचंच हत्यार, आणि हात गेला असेल तर ज्याने गेला तेसुद्धा. ते बाईंच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं जाई, खाली रोग्याच्या नावाची चिठ्ठी. रोज त्याच हत्यारावर काम. हात पुरता बरा झाला की शेवटच्या दिवशी रोग्याने ते स्वतः खिळ्यावरून काढून घरी न्यायचं. तोवर नाही. सहा महिन्यांत त्या भिंतीवर खाटकाचा सुरा, लोहाराचा घण, चांभाराची रापी, सुतारांच्या तीन करवती आणि लाकूडतोड्यांच्या दोन कुऱ्हाडी लागल्या. पोलीस चौकीचा हवालदार एकदा सहज म्हणून डोकावला आणि बराच वेळ दारातच उभा राहिला. शेवटी त्याने मला विचारलं, "कारकूनसाहेब, इथे नक्की कुणाला बरं करतात?"

त्यात एक न्हावी होता, गणपत. नशेत असलेल्या गिऱ्हाइकाने त्याच्याच वस्तऱ्याने त्याचा तळवा चिरला होता. चार महिन्यांनी बाईंना वाटलं, आता खऱ्या गळ्यावर परीक्षा घ्यावी. त्यांनी भिंतीवर टकटक करून मला बोलावलं. "देवधर, जरा इकडे बसा. दाढी वाढलीय तुमची." मी मान वर करून बसलो. गणपतने वस्तरा उघडून माझ्या कानाखाली टेकवला. बाई शेजारी उभ्या राहून मनगटाचा कोन बघत होत्या. माझ्या जिवाला काही होईल ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हती. कानाखाली एकदा आणि हनुवटीखाली एकदा कापलं. सदऱ्यावर रक्त ओघळलं. गणपत रडायला लागला. बाईंनी त्याला सांगितलं, दोनच. मागच्या आठवड्यात भोपळ्यावर सात झाले होते.

आणि एक बाई होती, तिचं नाव सांगत नाही. तिच्या नवऱ्याने जात्याच्या खुंट्याने तिची तीन बोटं मोडली होती. बोटं वळायला लागली तसा तो दारू पिऊन दवाखान्याच्या दारात आला आणि म्हणाला, करा तुम्ही बरी, मी पुन्हा मोडतो. टिपणीसबाई जवळ गेल्या. हात तपासावा तसा त्यांनी त्याचा अंगठा धरला आणि सावकाश मागे नेला. तो आधी वाकला, मग गुडघ्यावर आला, मग फरशीवर बसून आईला हाका मारायला लागला. "हे मी रोज बाराजणांना करते," बाई म्हणाल्या, "आणि ते तर बरं व्हावं म्हणून." त्या बाईने सहा आठवड्यांनी भाकरी थापून आणली. नवऱ्याने पुन्हा काही मोडल्याचं ऐकलं नाही.

हे सगळं आम्ही हसून सांगत असू. जोमा येईपर्यंत.

जोमा कोपरच्या खाडीकडचा आगरी. मिठागरात काम, थोडी खाचरं. त्याच्या आणि चुलतभाऊ पदूच्या वाट्यामधून एक बांध जात होता. तो बांध दरसाल हातभर सरकतो असं जोमाचं म्हणणं, आणि तो जोमाच सरकवतो असं पदूचं. एके सकाळी बांधावरच दोघे भिडले आणि पदूने कोयता चालवला. जोमाने आडवा हात घातला. मनगटाच्या सगळ्या शिरा तुटल्या. डॉक्टर सबनिसांनी साडेचार तास शिवण केलं. टाके निघाल्यावर जोमा बाईंकडे आला तो उजवा हात डाव्या हातात घेऊन, मेलेलं पाखरू धरावं तसा. मागे त्याची आई, धाकलीबाय. पदूला जामीन मिळाला होता आणि तो गावातच होता.

बाईंनी नेहमीचा प्रश्न केला. हाताला काय काम ठाऊक आहे?

"मीठ ओराचा, भात कापाचा," जोमा म्हणाला. "पन बाय, पयला पदूचा हात तोराचा हाय. मंग बाकीचा."

तो हे रागाने बोलला नाही. रोग्याने दुखणं सांगावं तसं सांगितलं.

"पदूचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी हे बोट वाकव. आणि उद्या येताना कोयता घेऊन ये."

डॉक्टर सबनीस माझ्या कचेरीत येऊन बसले आणि त्यांनी बाईंना बोलावलं. त्यांचं म्हणणं समजूतदार होतं. हात निम्मा बरा करा. जेवता येईल, धोतर नेसता येईल, कोयता तेवढा पेलणार नाही. दोघांचंही भलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही शिरा निम्म्याच का नाही शिवल्या?" सबनीस उठून गेले. बाई मात्र तिथेच बसून राहिल्या. त्यांनी मला विचारलं, "देवधर, तो खरंच मारील का हो?"

मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. मी त्यांना सांगितलं की जो माणूस महिनोन् महिने सगळ्यांसमोर असं बोलतो त्याचा राग बोलण्यातच जिरतो. मनुष्यस्वभावावर मी त्या दिवशी जे काही बोललो ते अध्यक्षांच्या भाषणात सहज खपलं असतं.

सात महिने काम चाललं. सकाळी नऊला भिंतीपलीकडून बाईंचा आवाज यायचा, "मूठ." थोड्या वेळाने "सोड." पुन्हा "मूठ." सुरुवातीला त्यामागून जोमाची किंकाळी यायची, नंतर नुसता श्वास, नंतर तोही नाही. जोमाला एक खोड होती. मूठ वळताना अंगठा आत दुमडायचा. तसा अंगठा कोयत्याच्या मुठीवर बसत नाही. म्हणून बाई "मूठ" म्हणाल्या की लगेच म्हणायच्या, "अंगठा वर." दिवसातून दोनशे वेळा तरी. मी हिशेब लिहिता लिहिता अंगठा वर करायला लागलो होतो. पाचव्या महिन्यात जोमा मागच्या अंगणातलं गवत कापायला लागला. सहाव्यात लाकडं तोडली. कोयता सपकन बसायचा, आणि बाई दारात उभ्या राहून बघायच्या. इतका धड झालेला दुसरा हात त्या भिंतीने पाहिला नव्हता. मुंबईहून त्यांचे शिकवणारे येऊन तो हात बघून गेले आणि बाईंच्या पाठीवर थाप मारून गेले.

सातव्या महिन्यात हात पुरता झाला, तरी बाईंनी दोन आठवडे त्याला काही ना काही काढून थांबवून ठेवला. जोमा निमूट यायचा. शेवटी त्याने विचारलं, "बाय, आता काय ऱ्हायला?" राहिलं काहीच नव्हतं. नियम त्यांचाच होता. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. जोमाने कोयता खिळ्यावरून काढला, जमिनीवर ठेवला, बाईंच्या पाया पडला आणि कोयता घेऊन गेला.

नवव्या दिवशी चार माणसांनी पदूला बाजेवर घालून आणला. संध्याकाळी तिवरांच्या गर्दीतून येताना मागून घाव आला होता. उजवा हात मनगटापाशी कातड्यावर लोंबत होता. इस्पितळाच्या पायरीपासून शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत फरशीवर रक्ताचा पट्टा पडला आणि तो पुसायला गेलेला वॉर्डबॉय घसरून त्यातच पडला. सबनिसांनी हात वाचवला, दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी टाके बघायला टिपणीसबाई आल्या. जखमेवर वाकून त्यांनी घावाची दिशा पाहिली आणि अगदी हळू म्हणाल्या, "मनगट पुरतं वळलंय." सबनिसांना वाटलं पदूच्या मनगटाबद्दल बोलताहेत. मला कळलं. त्यानंतर बाई नळाखाली हात धुत राहिल्या, पाण्याची टाकी संपेपर्यंत. मग खोलीत जाऊन पकडीने जोमाचा खिळा भिंतीतून उपटला.

विश्वस्तांची सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, आम्ही सेवेचं मंदिर उभारलं आणि त्यातून मारेकरी बाहेर पडला. खटला संपेपर्यंत विभाग बंद ठेवावा असं ठरलं. बाईंनी एकच मागणी केली, पदूचा हात करू द्या. त्या परवानगीचा कागद मी सत्कार समारंभाच्या आमंत्रणांखाली घालून अध्यक्षांची सही घेतली. ते आमंत्रणं वाचत, कागद वाचत नसत.

पदूलाही पहिल्या दिवशी तोच प्रश्न झाला, तोच हुकूम झाला. उद्या येताना आपलं हत्यार घेऊन ये.

"माजा कोयता पोलिसांकरं हाय, बाय," पदू म्हणाला. "जोमाला मारलेला."

मग बाईंनी त्याचं पहिलं बोट धरलं.

खटला ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला. घाव मागून बसलेला, पदूखेरीज बघणारं कोणी नाही, आणि पदू तर दावेदारच. जोमाच्या वकिलांनी बचाव शोधून काढला, तो असा. आरोपीचा उजवा हात निकामी आहे. सगळ्या शिरा तुटलेला माणूस असा घाव घालूच शकत नाही. मग सगळं एका साक्षीवर येऊन थांबलं. टिपणीसबाईंनी फक्त सांगायचं की हात बरा झाला नाही.

हे सगळ्यांनाच सोयीचं होतं. हात बरा झालाच नसेल तर इस्पितळाकडे बोट कोण दाखवणार? अध्यक्षांनी मला बोलावून सुचवलं की बाईंना हे नीट समजावून सांगावं. विभाग पुन्हा उघडेल, तेवढं त्यांना कळू द्या. मी बाईंना सांगितलं. त्या ऐकून पदूचा हात करायला परत गेल्या.

त्यांना वळवलं ते धाकलीबायने. ती तीन दिवस हाताच्या दवाखान्याच्या दारासमोर येऊन बसली. रडली नाही. पदूची माणसं रोज घरावर दगड टाकत होती, एक दगड जोमाच्या धाकट्या पोरीच्या कपाळात बसला होता, तिलाही सोबत आणली होती, फडकं बांधलेली. आत पदूचं बोट वाकवणं चालू होतं आणि त्याचं ओरडणं ही बाहेर बसून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी बाई तिच्याजवळ पायरीवर बसल्या.

"जोमा आत गेला तं ही लोका आमाला खाडीत घालतील," म्हातारी म्हणाली. "तू एवराच बोल, बाय. हात नाय झाला बरा. कुनाचा वाईट नको बोलू. तुजाच काम वाईट झाला, एवरा बोल."

पोरगी बाईंच्या मनगटावरच्या घड्याळाशी खेळत होती. बाईंनी ते काढून तिच्या कानाशी धरलं. मग कचेरीत येऊन मला म्हणाल्या, "सांगणार आहे मी. हात फसला म्हणून." जाता जाता म्हणाल्या, "आयुष्यात एक हात पुरता झाला, देवधर. तोच."

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ठाण्याला गेलो. कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो. माझ्या पुढच्या बाकावर पदू होता, बांधलेला हात मांडीवर घेऊन. पलीकडे धाकलीबाय. जोमा पिंजऱ्यात उभा होता आणि त्याचा उजवा हात पहिल्या दिवसासारखा लोंबत होता. वकिलांनी महिनाभर शिकवलं असणार. बाईंनी शपथ घेतली आणि मी ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा साध्या आवाजात खोटं सांगितलं. शिरा जुळल्या नाहीत. पकड आली नाही. सात महिने प्रयत्न केला, जमलं नाही. धाकलीबायने डोळे मिटून घेतले. जोमाचे वकील समाधानाने खाली बसले.

सरकारी वकील म्हातारे होते आणि फार सभ्य. ते म्हणाले, बाईंच्या शब्दावर त्यांना शंका नाही. त्यांना फक्त या नव्या विद्येचं कुतूहल आहे. पकड आहे की नाही हे तपासतात कसं, ते बाई दाखवतील का? आरोपी समोरच आहे.

बाई हे धरून आल्या नव्हत्या. न्यायाधीशांनी मान हलवली. त्या पिंजऱ्यापाशी गेल्या आणि जोमाचं मनगट डाव्या हातावर घेतलं, उजवा हात वर ठेवला, सात महिने रोज सकाळी घेत तसा. त्यांना काहीतरी म्हणणं भाग होतं आणि त्या कामासाठी त्यांच्याजवळ एकच शब्द होता, एकच आवाज होता.

"मूठ," त्या म्हणाल्या.

जोमाची मूठ वळली. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, तो समोर बघत होता. बोटं आपली आपण मिटली, एकामागून एक, करंगळीपर्यंत. अंगठा आत गेला.

"अंगठा वर."

अंगठा वर आला.

हे बाईंच्या तोंडून गेलं तेव्हा त्यांनाही कळलं नसावं. मग कळलं. त्या ती मूठ दोन्ही हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या. सगळे पिंजऱ्याकडे बघत होते, म्हणून दुसरी गोष्ट माझ्याशिवाय कोणी पाहिली नाही. माझ्या पुढच्या बाकावर, बांधलेल्या फडक्यातून बाहेर आलेली पदूची उरलेली तीन बोटंही मिटली होती, जमतील तेवढी.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, याला तुम्ही काय म्हणता?"

"पुरती मूठ, साहेब," बाई म्हणाल्या.

धाकलीबाय उठली, बाईंच्या अंगावर थुंकली आणि नातीला काखेत मारून बाहेर गेली. बाईंनी पदर पुसला नाही. जोमाला सक्तमजुरी झाली. ती हात धड असलेल्या माणसालाच देता येते. खोट्या साक्षीबद्दल न्यायाधीशांनी बाईंना कडक शब्दांत समज दिली आणि सोडून दिलं. विभाग कायमचा बंद झाला. पदूचे राहिलेले दोन महिने बाई कोपरला त्याच्या घरी जाऊन करत होत्या असं नंतर कळलं. जाताना वाटेत जोमाचं घर लागे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साक्षीच्याच दिवशी, दुपारी. कोर्टातून बाहेर पडल्यावर गर्दीत आमची चुकामूक झाली. तळ्याकडच्या रस्त्याला एक खानावळ होती, तिच्या दारावरून जाताना आत नजर गेली. बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी एकट्या जेवत होत्या. मी आत जाणार होतो, पायरीवर थांबलो. त्यांचा उजवा हात रुमालाने कमरेशी बांधलेला होता. डाव्या हाताने त्या वरणभात कालवत होत्या आणि शितं पदरावर सांडत होती, थुंकी वाळली होती तिथेच.

तो शुक्रवार होता.